आठपैकी आठ

वेधशाळेत नोकरी करणाऱ्या त्या बाईंना आजूबाजूच्या चार इमारती 'वेधशाळाबाई' म्हणूनच ओळखायच्या. बाईंच्या बाल्कनीतली दोरी रिकामी दिसली की समोरच्या बायका आपले वाळत घातलेले कपडे ओढून घ्यायच्या, मग आकाश कितीही निळं असो. तासाभरात पाऊस यायचा. सरकारी अंदाज चुकला की लोक वेधशाळेला हसायचे, पण बाईंच्या दोरीला कुणी हसल्याचं ऐकिवात नाही.

हे सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एवढंच, की बाईंच्या नवऱ्याने काढलेले मावळतीचे जे फोटो दवाखान्यांत, कचेऱ्यांत आणि हॉटेलांच्या जिन्यांत टांगलेले होते, त्यांच्यामागेही बाईंचाच अंदाज होता.

नवरा फोटोग्राफर. पंचवीस वर्षं त्याने एका गाळ्यात लोकांचे ओळखपत्राचे फोटो काढले. हनुवटी वर, डोळे उघडे, हसू नका. 'हसू नका' हे त्याने इतक्या वेळा म्हटलं, की शेवटी ते त्याच्या स्वतःच्याच तोंडावर बसलं. पुढे जो तो आपल्या फोनवर आपला फोटो काढू लागला, गाळा बंद पडला, आणि फोटोग्राफर घरात बसून भिंतीकडे बघत दिवस काढू लागला. बाईंना ते बघवेना. एका दुपारी त्यांनीच त्याच्या हातात कॅमेरा दिला आणि त्याला पुलावर पिटाळलं. सूर्य बुडाला म्हणून लगेच मागे फिरू नका, असं बजावून सांगितलं.

माणसं सूर्य बुडाला की तोंड फिरवतात. खरा रंग त्यानंतर चढतो. पण रोज नाही. पश्चिमेला अगदी खाली मोकळी फट हवी आणि वर उंचावर पिंजलेल्या कापसासारखे विरळ ढग हवेत. मग बुडालेल्या सूर्याचा उजेड त्या फटीतून वर जातो आणि सगळं आकाश खालून पेटतं. बारा मिनिटांनी पेटतं आणि पाच मिनिटांत विझतं. फोटोग्राफर त्या दिवशी बारा मिनिटं थांबला. घरी आला तेव्हा लग्नात होता त्यापेक्षा देखणा दिसत होता.

तेव्हापासून चिठ्ठ्या सुरू झाल्या. बाईंची पाळी दुपारी बाराची. निघण्याआधी त्या खिडकीतून आकाश बघायच्या, वेधशाळेतून फोनवर कळलेले सकाळचे आकडे मनात घोळवायच्या आणि कॅमेऱ्याच्या बॅगेच्या पट्ट्यात एक चिठ्ठी खोचायच्या. 'आज पूल. पाच चाळीसला पोचा. बारा मिनिटं थांबा.' उन्हाळ्यात, हवेत धूळ असताना, 'आकाशाला रंग चढणार नाही, सूर्यच तांबडा दिसेल, तो झाडाआडून घ्या.' थंडीत, 'उद्या सकाळी तलावावर धुकं, सातपर्यंत टिकेल.' पावसाच्या दिवसांत, 'आज घरीच बसा.' पाचच्या सुमारास काही बदललं तर त्या वेधशाळेतून फोन करायच्या. नऊ वर्षं. फोटोग्राफरची एक खेप वाया गेली नाही.

गंमत म्हणा किंवा नशीब म्हणा, बाईंनी स्वतः त्यातला एकही फोटो निघताना पाहिला नाही. वेधशाळेच्या गच्चीवर एक काचेचा गोळा होता, मोसंब्यापेक्षा थोडा मोठा. त्याच्या मागे तासांच्या खुणा असलेली कागदी पट्टी बसवायची. ऊन गोळ्यातून जाऊन पट्टीवर पडतं आणि सूर्य चालतो तसतशी तिच्यावर जळकी रेघ उमटत जाते. ढग आला की रेघ तुटते. उन्हाळ्यासाठी लांब वाकडी पट्टी, हिवाळ्यासाठी आखूड वाकडी, मधल्या दिवसांसाठी सरळ. सूर्य मावळला की त्या दिवसाची पट्टी काढायची आणि दुसरी घालायची. हे काम बाईंचं. म्हणजे नवरा पुलावर सूर्याला निरोप द्यायचा तेव्हा बायको गच्चीवर त्याची हजेरी घ्यायची.

मग फोटोंचं पुस्तक निघायचं ठरलं. मोठं, जाड कागदाचं. बाईंना आयुष्यात फारसं काही मागायची सवय नव्हती, पण ह्या पुस्तकात आपली एक ओळ असावी असं त्यांना फार वाटत होतं. एकच. कुठे उभं राहायचं हे हिने सांगितलं, एवढीच. फोटोग्राफरने जेवणाच्या टेबलावर शब्द दिला होता, पहिल्या पानावर तू. त्या रात्री बाईंनी ती ओळ मनातल्या मनात चार तऱ्हांनी लिहून पाहिली होती.

पुस्तक आलं. पहिल्या पानावर सूर्य होता. आभार शेवटच्या पानावर होते. छपाई करणाऱ्याचे होते, स्कूटर देणाऱ्या मित्राचे होते, पुलाच्या पायऱ्यांवर बसू देणाऱ्या पहारेकऱ्याचेसुद्धा होते. आणि सगळ्यांच्या खाली: 'माझी सोशिक पत्नी, जिने माझ्या उशिरा घरी येण्याबद्दल कधी कुरकुर केली नाही.'

बाईंनी ते ओट्यापाशी उभ्या राहून तीनदा वाचलं. कुरकुर. बाई घरी पोचायच्या तेव्हा हा पाव तास आधीच आलेला असायचा. उशिरा येणाऱ्याची वाट बघत घरी बसायला होतं कोण?

ओळ राहून गेली का, असं त्यांनी विचारलं तेव्हा फोटोग्राफर म्हणाला, "आहे की. शेवटी बघ. शेवटचं लोकांच्या लक्षात राहतं, म्हणून मुद्दाम शेवटी घातलं." त्याला खरंच तसं वाटत होतं, हे आणखी वाईट. लबाड माणसाशी भांडता तरी येतं.

आठवड्याभराने वर्तमानपत्रात त्याची मुलाखत आली. योग्य दिवशी योग्य जागी कसे पोचता, ह्या प्रश्नावर त्याने सांगितलं होतं, की मला आकाश आतून कळतं. वेधशाळेत हवामानाचे फुगे सोडणारे एक वयस्कर गृहस्थ होते, त्यांना सगळे फुगेवाले म्हणत. त्यांनी तो कागद बाईंच्या टेबलावर ठेवला आणि हळूच म्हणाले, पिकतं तिथं विकत नाही, बाई. बाईंनी कागदाची घडी घातली आणि हवेतला ओलावा मोजायच्या तापमापकाभोवतीचं ओलं फडकं बदलायला उठल्या. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कुणाकडे करायची?

दुसऱ्या दिवशी बॅगेच्या पट्ट्यात चिठ्ठी नव्हती.

चारच्या सुमारास त्याचा फोन आला, चिठ्ठी राहिली का. बाई म्हणाल्या, "आतून काय कळतंय ते बघा आज." त्याला तो विनोद वाटला. तो हसला आणि पुलावर गेला. त्या दिवशी पुलावर काही नव्हतं. जे होतं ते पलीकडे तलावाच्या बाजूला होतं, आणि हे बाईंना घरून निघतानाच ठाऊक होतं.

त्यांना वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली, आणि तरी बरंच वाटत राहिलं. परगावी राहणारी लेक फोनवर म्हणायची, आई, बाबांना सरळ सांगून टाक ना. बाई म्हणायच्या, मागून मिळालेल्याला काय चव. त्याने एकदा यावं, समोर बसावं आणि म्हणावं, तुझ्यावाचून जमत नाही. तेवढ्यावर त्या सगळं सोडून द्यायला तयार होत्या. पुस्तकसुद्धा.

तो काही आला नाही. पावसाचे दिवस लागले. आकाशाला झाकण लागल्यावर एरवी तो घरी बसायचा, कारण चिठ्ठीत 'घरी बसा' असायचं. आता कोण सांगणार? रोज छत्री घेऊन जायचा आणि रोज राखाडी घेऊन यायचा. राखाडी पाणी, त्यावर राखाडी आकाश, मध्ये एखादा विजेचा खांब. कधी कंटाळून फोटोच्या मध्यातच छत्रीची कड आलेली. मग तक्रारी सुरू झाल्या. कॅमेरा जुना झाला, शहराची हवा बिघडली, नव्या इमारतींनी क्षितिज खाल्लं. नाचता येईना अंगण वाकडं. बाई ऐकून घ्यायच्या आणि त्याला आणखी एक पोळी वाढायच्या.

पाऊस सरता सरता एक दिवस असा आला, की बाईंचा निश्चय डळमळला. तीन दिवसांची झड सकाळी थांबली होती. हवा धुऊन स्वच्छ झाली होती, आणि दुपारी दोनला उंच ढगांचे पहिले धागे पश्चिमेकडून वर सरकू लागले. असा दिवस पाच वर्षांतून एकदा. वेधशाळेतल्या टेबलावर बसून बाईंनी न राहवून चिठ्ठी लिहिली. 'तलावाची भिंत. पाच पन्नास. बारा मिनिटं थांबा.' चिठ्ठी पर्समध्ये ठेवली आणि ठरवलं, आज त्याने नुसतं विचारलं तरी सांगून टाकायचं. कबुलीबिबुली काही नको.

चार वाजता फोन वाजला. त्याचाच होता. बाईंनी दोन्ही हातांनी फोन धरला.

"अगं, मोरीतला नळ गळतोय. पाना कुठे ठेवलायस?"

पाना जिन्याखालच्या डब्यात होता. त्यांनी सांगितलं. मग फोन कानाला तसाच लावून ठेवला. पलीकडे डब्यातली खडखड ऐकू आली, मग "सापडला, ठेवतो," आणि फोन बंद झाला. त्या संध्याकाळी अर्धं शहर गच्च्यांवर उभं होतं. फोटोग्राफर मोरीत होता.

हिवाळ्यात कलादालनाचे मालक घरी आले. पुढच्या प्रदर्शनासाठी नवं काय आहे ते बघायचं होतं. फोटोग्राफरने बोळात दोरीवर अडकवलेले फोटो दाखवले आणि दाखवतानाच दिलगिरी सुरू केली, की यंदा पावसाने फार वाट लावली. बाईंची सुट्टी होती. त्या चहा घेऊन आल्या आणि दाराशी उभ्या राहिल्या. हाच तो क्षण, त्यांना वाटलं. आता हा उघडा पडणार. दालनवाले एकेका फोटोपाशी थांबत, मान तिरकी करत बोळाच्या टोकापर्यंत गेले आणि परत आले.

"आधीचे सुंदर होते," ते म्हणाले. "हे खरे आहेत."

फोटोग्राफरचं तोंड उघडं राहिलं. मग त्याने ते मिटलं. दालनवाले बोलत होते, की सूर्यास्त काय, कुणीही काढतो, पण जिथे काहीच घडत नाही तिथे रोज जाऊन उभं राहणं, ह्याला छाती लागते. फोटोग्राफर ऐकत होता. कपातला चहा संपेपर्यंत तो हे सगळं मुद्दाम केलेला माणूस झाला होता. "रंगाचा मोह सोडायला वेळ लागतो," असं त्याने शेवटचा घोट घेऊन सांगितलं. बाईंनी त्याच्या हातातला रिकामा कप काढून घेतला.

एकच अडचण होती. दालनवाल्यांना प्रत्येक फोटोखाली तारीख हवी होती, आणि फोटोग्राफर तारखा कधी ठेवत नसे. कॅमेऱ्यातलं घड्याळ दोन वर्षं बंद होतं. त्याने बाईंकडे पाहिलं. दालनवाल्यांनीही पाहिलं.

बाईंना 'मला काय माहीत' म्हणता आलं असतं. वाटेल त्या तारखा ठोकून देता आल्या असत्या. पण एकतीस वर्षांत त्यांनी एक खोटी नोंद केली नव्हती. एकदा मांजराने पर्जन्यमापक उलटवला तेव्हासुद्धा त्यांनी अंदाजे आकडा घातला नव्हता, 'मांजराने सांडलं, नोंद नाही' असं लिहून वरिष्ठांची बोलणी खाल्ली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्यांनी कपाटातून रोजचं आकाश आणि त्या दिवशीचे फोटो टिपून ठेवलेली आपली वही काढली, चष्मा लावला आणि फोटो बघत सांगू लागल्या. हा खांबाचा, त्या दिवशी दुपारपासून रिपरिप होती. हा छत्रीच्या कडेचा, वारा उत्तरेचा. तारखेपुढे वहीत आकाशाची नोंद होती, तीही त्यांनी सवयीने वाचली. आठपैकी आठ. आठपैकी आठ. आठपैकी आठ.

ते काय, असं दालनवाल्यांनी विचारलं. बाईंनी सांगितलं, की आकाशाचे आठ भाग धरायचे आणि त्यातले किती ढगांनी झाकलेत ते लिहायचं. आठपैकी आठ म्हणजे कुठेच फट नाही. दालनवाल्यांनी ते आपल्या डायरीत उतरवून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

प्रदर्शनाचं नाव 'आठपैकी आठ' असं पडलं. दारावर मोठ्या अक्षरांत होतं, आणि खाली फोटोग्राफरचं नाव. आयत्या बिळावर नागोबा, अशी लेकीची प्रतिक्रिया. ती उद्घाटनाला मुद्दाम आली होती आणि दुसऱ्या रांगेत आईला खेटून बसली होती. रविवारची सकाळ, चांगलीच गर्दी. माणसं राखाडीसमोर उभी राहून कुजबुजत होती, काही जणांनी तर डोळे मिटले होते.

फोटोग्राफरला बोलायला सांगितलं. तो उभा राहिला, घसा साफ केला. बाईंना अजूनही आशा होती, त्याला काय करणार. नाव तर आपल्याच वहीतलं आहे, इतक्या जवळ आल्यावर तरी त्याला आठवेल, असं त्यांना वाटलं.

"पूर्वी मला कुणी ना कुणी सांगायचं, आज इथे उभे राहा, उद्या तिथे," तो म्हणाला. "रंग हमखास मिळायचा. पण ते आकाश माझं नव्हतं. एक दिवस मी ऐकणं सोडलं. तेव्हा मला दिसायला लागलं."

टाळ्या पडल्या. नऊ वर्षांनी बाईंच्या सांगण्याचा उल्लेख झाला होता, आणि तो असा. कुणी ना कुणी. लेकीने वळून आईकडे पाहिलं. बाई ओळखपत्राच्या फोटोला बसल्यासारख्या बसल्या होत्या. हनुवटी वर, डोळे उघडे.

नंतर रेशमी साडीतल्या एका बाईंनी त्यांना गाठलं आणि आपण काय करता म्हणून चौकशी केली. वेधशाळेत आहे म्हटल्यावर त्या कौतुकाने म्हणाल्या, मग काय, घरातच सोय, ह्यांना पावसापाण्याचं सांगत असाल.

"नाही," बाई म्हणाल्या. "ते माझं ऐकत नाहीत."

दोन आठवड्यांनंतरची गोष्ट. दुपारी बाई पर्स बंद करून निघाल्या होत्या. फोटोग्राफर टेबलापाशी वर्तमानपत्र घेऊन बसला होता. मान वर न करता त्याने विचारलं, "आज संध्याकाळी काय म्हणतंय आकाश?"

बाईंचा हात पर्सवरच थांबला. ह्या एका प्रश्नाची त्यांनी वर्षभर वाट पाहिली होती. आला तो असा, कांद्याबटाट्याचा भाव विचारावा तसा. का विचारता, त्या म्हणाल्या.

"अगं, त्यांना आणखी बारा फोटो हवेत. ज्या दिवशी काहीच होणार नाही तो दिवस मला सांगत जा. रंगाबिंगाच्या दिवशी उगाच खेप नको."

बाईंनी खिडकीतून पाहिलं. खाली फट, वर धागे. 'आज काहीच नाही' असं खोटं सांगून त्याला रंगात बुडवता आलं असतं. पण आकाशाबद्दल विचारलं की त्यांच्या तोंडून जे खरं तेच निघायचं. "आज येईल," त्या म्हणाल्या. "मावळल्यावर बारा मिनिटांनी. यंदाचा सगळ्यात मोठा."

"मग आज नको," फोटोग्राफर म्हणाला आणि त्याने पान उलटलं.

संध्याकाळी बाईंनी गोळ्यामागची पट्टी काढली. सकाळपासूनची रेघ जवळजवळ अखंड होती. एरवी त्या पट्टी घेऊन लगेच खाली जायच्या, कारण नोंदी वेळेत करायच्या असत. त्या दिवशी त्या कठड्याला टेकून उभ्या राहिल्या आणि मनगटावरच्या घड्याळात बारा मिनिटं मोजली. अकराव्या मिनिटाला खालचा ढग तांबूस झाला, मग एकेक करत वरचे सगळे, आणि मग पूर्वेकडचेसुद्धा. त्यांचा पांढरा कोट, हातातली पट्टी, काचेचा गोळा, सगळं केशरी झालं. पर्समध्ये फोन होता. त्यांनी तो काढला आणि परत ठेवला. हे त्यांना कुणाला दाखवायचं नव्हतं. रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. राग मात्र आला, नऊ वर्षांचा एकदम आला. अशा नऊ वर्षांच्या संध्याकाळी त्यांनी चिठ्ठ्यांवर लिहून वाटून टाकल्या होत्या, एकसुद्धा स्वतःसाठी न ठेवता.

खाली येऊन त्यांनी नोंदवहीत सगळं जसंच्या तसं लिहिलं. ढग, त्यांची जात, उंची, रंगाची वेळ. निरीक्षकाच्या रकान्यात सही केली. ती त्या रोजच करायच्या.

सात वाजता घरी पोचल्या तेव्हा फोटोग्राफर पडदा ओढून, दिवा लावून, राखाडी फोटोंना चौकटी घालत बसला होता.

"आला का गं रंग?"

बाईंनी चपला काढल्या. त्या नीट जोडून भिंतीशी ठेवल्या.

"नाही आला."

"बघ," तो म्हणाला, आणि त्याला मनापासून आनंद झाला. "तुझंही चुकतं म्हणजे."

"चुकतं," बाई म्हणाल्या, आणि बाल्कनीत जाऊन दोरीवरचे कपडे काढू लागल्या. समोरच्या इमारतीतल्या बाईने ते पाहिलं आणि घाईघाईने आपलेही कपडे आत ओढून घेतले.